पॅटर्नची सुट्टी

आमच्या बंद पडलेल्या फाउंड्रीच्या कॅन्टीनमध्ये आता आठवड्यातून तीन दिवस श्वासाचं केंद्र चालतं. जिथे पूर्वी वडे तळले जायचे तिथे दोन वाफेची मशिनं आहेत, एक ऑक्सिजनचं आहे, आणि एक मुलगी येऊन म्हाताऱ्यांना फुगे फुगवायला लावते. अंबरनाथच्या बाजारात लोक भेटले की म्हणतात, तुमच्यामुळे झालं हो हे. मी मान हलवतो. दरवेळी वाद कोण घालणार? पण खरं सांगायचं तर हे केंद्र माझ्यामुळे आलं नाही. ते वहिनीमुळे आलं. माझ्यामुळे ते एक वर्ष उशिरा आलं.

परवा चाळीतल्या कुणाच्या तरी डोक्यातून मला हार घालायची टूम निघाली. म्हटलं, हार गळ्यात पडायच्या आत हे एकदाचं लिहून टाकावं. वाचून मग ज्याला घालायचा त्याने घालावा.

फाउंड्री म्हणजे ओतकामाचा कारखाना. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, थंड झालं की साचा फोडून माल बाहेर काढायचा. साच्याच्या वाळूत कोळशाची भुकटी मिसळायचे, त्याने माल गुळगुळीत निघतो. मालाला चिकटलेली जळकी वाळू मग ग्राइंडरने खरवडून काढायची. त्या कामाला फेटलिंग म्हणायचे. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, आयुष्यभर फेटलिंगला होता. पाळी संपवून यायचा तेव्हा डोळे आणि दात तेवढे पांढरे दिसायचे. आंघोळीनंतर नाक शिंकरलं तरी रुमाल काळा. मी मॅट्रिक पास झालो होतो म्हणून मला टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून घेतलं. हजेरी, रजा, टोकन नंबर, सगळं माझ्याकडे. आम्ही दोघं एकाच गेटातून आत जायचो. तो डावीकडे वळायचा, मी उजवीकडे. त्या एका वळणाने त्याचा दम गेला आणि माझा राहिला.

कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली. का पडला याच्या चाळीत पाच कहाण्या आहेत आणि पाचही शपथेवर सांगितल्या जातात. शेडच्या जागी आता उंच इमारती आहेत. त्यांना इंग्रजी फुलांची नावं आहेत आणि त्यांच्या गेटावर आमच्यातलेच दोघेतिघे वॉचमन आहेत. कामगारांच्या तीन चाळी आणि मधलं कॅन्टीन तेवढं राहिलं, कारण त्या तुकड्याचा वाद अजून कोर्टात आहे. कोर्टाच्या आळसावर आमची छपरं टिकून आहेत म्हणा ना.

चाळीत राहिलेल्या जुन्या कामगारांपैकी सात जणांची छाती गेलेली. त्यात दादा एक. नळापासून त्याच्या दारापर्यंत अकरा पावलं आहेत, तो मध्ये दोनदा थांबतो. थांबतो आणि आकाशाकडे बघतो, जणू विमान चाललंय. कुणाला वाटू नये की दम लागलाय. वाफ घ्यायला वहिनी त्याला उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात न्यायची. रिक्षा, रांग, केसपेपर, पुन्हा रांग, वाफ, पुन्हा रिक्षा. घरी पोचेपर्यंत घेतलेली वाफ रस्त्यातच संपलेली असायची. माझा मुलगा बदलापुरात कात्रपला फ्लॅटमध्ये राहतो. तो म्हणायचा, काकांना घेऊन या इकडे, लिफ्ट आहे. दादा म्हणायचा, लिफ्टने वर जाईन रे, पण वर जाऊन बोलू कुणाशी? मीही गेलो नाही. कंटाळा हे एक कारण. दुसरं, दादाला सोडून जायला तोंड नव्हतं.

एकदा त्या रांगेत एका सिस्टरने वहिनीला नंबर दिला. म्हणाली, मुंबईचा एक ट्रस्ट आहे, कोळशाच्या खाणी बंद पडल्या तिथल्या लोकांसाठी काम करतो, तुम्हीही विचारून बघा. वहिनी चौथी शिकलेली. तिने ना मला विचारलं, ना दादाला. सरळ फोन लावला आणि म्हणाली, माझ्या नवऱ्याच्या छातीत कारखाना बसलाय, तुमच्याकडे काही आहे का?

आठ दिवसांत ट्रस्टच्या मॅडम आल्या. पोरसवदा बाई, खांद्याला पिशवी, पायात साध्या चपला. चंद्रपूरकडच्या. वडील खाणीत होते म्हणाल्या. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. खाण बंद पडल्यावर तिथल्या वस्तीत काही उरलं नव्हतं, पोरं बाहेरगावी गेली, म्हातारे खोकत बसले. खाणीत उतरायच्या आधी जिथून दिवे घ्यायचे ती लॅम्प रूम रिकामी पडली होती, तिथे ट्रस्टने वाफेचं केंद्र केलं. म्हातारे वाफेला येऊ लागले, त्यांच्यासोबत बायका, मग चहा सुरू झाला, मग शिवणाचा वर्ग. "केंद्र छातीसाठी काढलं होतं जी," मॅडम म्हणाल्या, "पण वस्तीच श्वास घ्यायला लागली." फोटोत तोंडाला मास्क लावलेले तीन म्हातारे डोळ्यांनी हसत होते. दादा तो फोटो बराच वेळ बघत होता.

कॅन्टीन बघून मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, पुढच्या शनिवारी आमचे डॉक्टरसाहेब येतील, खाणीच्या दवाखान्यात आयुष्य गेलंय त्यांचं, त्यांनी बघून हो म्हटलं की झालं. जाताना चप्पल घालता घालता परत वळल्या. "काका, एक सांगते. काही करू नका. जसं हाय तसंच राहू द्या."

मी म्हटलं, हो हो.

आता इथे मला मागचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कुणाला पटायचं नाही.

आमच्या कारखान्यात सरकारी इन्स्पेक्टर यायचा असला की आदल्या दिवशी कुणकुण लागायची. मग पायऱ्यांच्या कडांना गेरू, झाडांच्या बुंध्यांना चुना, भिंतीवर सुरक्षेच्या नव्या पाट्या. आणि खोकणाऱ्या माणसांची यादी. शेडच्या मागे पॅटर्न स्टोअर होतं. पॅटर्न म्हणजे साचा पाडायला वापरायचे लाकडी नमुने, ते तिथे रचून ठेवलेले असत. खोकणाऱ्यांना सकाळीच त्या स्टोअरमध्ये बसवायचं, बाहेरून कडी. आत चहा, बटाटेवडे, पत्त्यांचा जोड. इन्स्पेक्टरची गाडी गेटाबाहेर पडली की कडी काढायची. हजेरी भरलेली. याला आम्ही 'पॅटर्नची सुट्टी' म्हणायचो. ज्याला मिळायची तो खूश असायचा. मालकाने जबरदस्ती केली असंही नाही. खोकला सापडला तर डॉक्टर अनफिट लिहिणार, अनफिट लिहिलं की घरी बसायची पाळी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा लपवणारे आम्ही आणि लपणारेही आमचेच.

यादी मी करायचो. टोकन नंबरांची. दादाचा नंबर ४१२. तो माझ्या यादीत पहिल्यांदा आला तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. इन्स्पेक्टर वही उघडून माझ्या टेबलाशी उभा राहायचा आणि विचारायचा, दमा, खोकला, छातीचा त्रास? मी म्हणायचो, कुणाला नाही साहेब, सगळे फिट. इतक्या वेळा म्हटलंय ते की झोपेतही म्हणू शकेन.

तर शनिवार जवळ आला. मॅडमनी काही करू नका म्हटलं होतं, म्हणजे काय काय करायचं याची बैठक झाली. कॅन्टीनमध्ये जे सुपरवायझर होते, चाळीत सगळे ज्यांना कॅन्टीनकाका म्हणतात, ते अध्यक्ष. म्हणाले, "मदत मागायची म्हणून काय घरची लक्तरं वेशीवर टांगायची? झाकली मूठ सव्वा लाखाची." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. कॅन्टीनचं गळकं छत ताडपत्रीने झाकलं आणि खालून पांढरा कपडा ताणला. भिंतींना चुना. पायऱ्यांच्या कडांना गेरू. गेरू लावायला कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेले. कॅन्टीनकाका आणि मी उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये खुर्च्या आणायला गेलो तर तो सिंधी डेकोरेटर म्हणाला, "साईं, वीआईपी आ रहा है तो सोफा ले जाओ. प्लास्टिक की कुर्सी में क्या इज्जत?" आम्ही सोफा आणला. लाल मखमलीचा, लग्नात नवरानवरी बसतात तो. त्या सोफ्याकडे बघताना तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

शुक्रवारी दुपारी कॅन्टीनकाकांनी विचारलं, "आणि खोकणाऱ्यांचं काय?"

मी एक क्षणही विचार केला नाही. हे मला आज सगळ्यात जास्त लागतं. चूक विचार करून केली असती तर निदान कुठे घसरलो ते दाखवता आलं असतं. मी म्हणालो, "वांगणीला पाठवू." आमच्या कारखान्याचा जुना ड्रायव्हर तिथे एका फार्महाऊसची राखण करतो. मोकळी जागा, झाडं, चहापोहे. लगेच त्याला फोन केला.

शनिवारी सकाळी दादाला सांगायला त्याच्या खोलीत गेलो तर तो तयार होऊन बसला होता. अंगात पांढरा शर्ट. वहिनीने आदल्या दिवशी कडक इस्त्री केलेला, डॉक्टरसाहेबांसमोर बसायचं म्हणून. मी म्हटलं, दादा, तुम्ही सात जण आज वांगणीला चला, गाडी आलीय. त्याने माझ्याकडे पाहिलं. "पॅटर्नला ना?" म्हणाला, आणि उठून चपला शोधायला लागला.

वहिनी गॅसपुढे शिरा भाजत होती. तिचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

एक इको गाडी केली होती. सात म्हातारे इस्त्रीचे कपडे घालून आत बसले, गमतीत होते. दादाचा जोडीदार शेवटी चढला. फेटलिंगला जड मालावर दोघं दोघं लागायचे, दादाबरोबर तो. बदलापूरच्या पुढच्या एका गावचा, चाळीत खोली मिळायच्या आधी शेती करून पाळीला यायचा, करवंदांच्या दिवसांत टोपीत करवंदं भरून आणायचा आणि सगळ्या शेडला वाटायचा. गाडीच्या दाराला धरून तो थांबला, दम घेतला आणि मला म्हणाला, "ती मशीन आमच्यासाठीच येनार हाय ना? मंग आमाला कशाला लपिवता?"

सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, "चल बस, पोहे गार होतील." तो बसला. गाडी गेली.

एवढ्या सगळ्या माणसांत बरोबर प्रश्न त्या एकट्याने विचारला होता, आणि मी त्याला पोह्यांचं उत्तर दिलं.

डॉक्टरसाहेब अकराला आले. उंच, वाकलेले, कमी बोलणारे. लाल सोफ्यावर बसायला लावलं तेव्हा अवघडले. बायकांनी ओवाळलं. शिरा झाला, चहा झाला, कॅन्टीनकाकांचं भाषण झालं. त्यात आमची एकजूट आणि स्वच्छता हे शब्द इतक्यांदा आले की मलाच कंटाळा आला. मग साहेबांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "छातीचा त्रास असलेली माणसं कोणती?"

मॅडम वहिनीकडे बघत होत्या. "तुमचे मिस्टर कुठे हायेत, ताई?"

वहिनीने तोंड उघडलं. पण उघडी वही दिसली की माझ्या तोंडात एकच उत्तर असतं. तिच्या आधी मी बोललो. "दादाची तब्येत बरीच सुधारलीय. गावाला गेलाय. बाकीचेही औषधपाणी घेऊन ठीक आहेत साहेब. तसं काही फार नाही."

साहेबांनी लिहिलं. मी उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न केला, सवयीने. मला तेव्हा चक्क बरं वाटलं, हे कबूल करतो. इन्स्पेक्शन नीट पार पडल्यावर वाटायचं तसं. गाडी गेटाबाहेर पडल्यावर कॅन्टीनकाकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दोन तासांनी सात जण वांगणीहून परत आले. दादाने विचारलं, "गेला का?" मी म्हटलं, "गेला. छान झालं."

महिन्याभराने पत्र आलं. फार सौजन्याने लिहिलेलं. आमची वस्ती नीटनेटकी आणि स्वतःच्या पायावर उभी असल्याचं पाहून आनंद झाला. कारखाना बंद पडूनही आम्ही स्वतःला ज्या तऱ्हेने सावरलं ते इतरांनी शिकण्यासारखं आहे. श्वासाचे रुग्ण मात्र आढळले नाहीत, तेव्हा यंदाची मशिनं जास्त गरज असलेल्या दुसऱ्या वस्तीला देत आहोत. खूप शुभेच्छा.

आणि आम्ही काय करावं? कॅन्टीनकाकांनी त्या पत्राला फ्रेम केली. कॅन्टीनमध्ये सुरक्षेबद्दल कारखान्याला मिळालेली एक जुनी ढाल आहे, तिच्या शेजारी खिळा मारून लावलं. पहिले दोन दिवस लोक येऊन वाचून जात होते आणि खूश होत होते. तिसऱ्या दिवशी वहिनी आली. तिला वाचायला वेळ लागतो. बोट फिरवत ओळीन् ओळ वाचली आणि मग माझ्या खोलीशी येऊन उभी राहिली.

"भावोजी," ती म्हणाली, "तुम्ही शिकलेले, म्हणून त्या दिवशी मी गप्प बसले. मला वाटलं तुम्हाला काही जास्त कळत असेल."

एवढंच बोलून ती दादाला घेऊन रिक्षाकडे गेली. वाफेचा दिवस होता. मी गॅलरीतून बघत राहिलो. दादा नळापाशी थांबला आणि त्याने आकाशाकडे पाहिलं. आकाशात काही नव्हतं.

लाज वाटली. पण लाज वाटणं वेगळं आणि फोन उचलून आपण खोटं बोललो म्हणून सांगणं वेगळं. तो फोन मी किती दिवस लांबवला ते सांगत नाही. आज तब्येत बरी नाही, उद्या सुट्टी आहे, परवा मॅडम कामात असतील. थकलेल्या माणसाला कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. दिवाळीत फटाक्यांचा धूर चाळीत कोंडला आणि दादाच्या जोडीदाराला त्रास सुरू झाला. त्याच्या मुलाने रिक्षा आणली, उल्हासनगरच्या रस्त्याला लागले, पण तिथपर्यंत तो पोचला नाही. ज्या कॅन्टीनमध्ये मशीन असायला हवं होतं ते त्याच्या दारापासून वीस पावलांवर आहे. मशीन असतं तर तो वाचला असता का, मला माहीत नाही. डॉक्टरला विचारायची माझ्यात हिंमत नाही.

त्याच्या तेराव्याला दादा माझ्याशेजारी बसला होता. जेवण झाल्यावर म्हणाला, "वांगणीला त्याने पोहे खाल्ले नाहीत. म्हणाला, मला काहीतरी चुकतंय असं वाटतंय." आणि मग, "आम्ही त्याची चेष्टा केली."

मी घरी आलो आणि मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. पॅटर्न स्टोअर, कडी, वडे, यादी, वांगणी. मग त्या म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना जी काका, जसं हाय तसं राहू द्या." आवाजात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. "आमच्या खाणीतही होतं असंच. तपासणीच्या दिवशी आजारी माणसांना खाली खोल खाणीतल्या पाळीला पाठवायचे. माझे बाबा जायचे." मग म्हणाल्या, यंदाचं वाटप झालं, आता पुढच्या वर्षी. पण यादी पाठवा.

यादी लिहायला बसलो. वाटलं होतं आठवावं लागेल. नाही लागलं. टोकन नंबर क्रमाने हातातून उतरत गेले. आता जिवंत असलेल्यांची यादी मागितली होती, मी गेलेल्यांचेही लिहिले. ज्यांना ज्यांना मी कधी ना कधी त्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली होती ते सगळे. तीन पानं झाली. इतकी वर्षं जी यादी साहेबांपासून लपवण्यासाठी केली, ती पहिल्यांदाच साहेबाला दाखवायला लिहिली. खाली सही केली.

साहेब परत आले ते पुढच्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर. या वेळी सोफा नाही, शिरा नाही. छताचा पांढरा कपडा वहिनीने स्वतः ओढून काढला होता. कॅन्टीनकाकांना निदान झाडू मारायचा होता. वहिनी म्हणाली, "काका, राहू द्या." ते झाडू घेऊन तसेच उभे राहिले, बिचारे. त्या माणसाला स्वागताशिवाय दुसरं काही येत नाही.

सातांतले पाच उरले होते. जोडीदार गेला, आणि एकाला मुलगा साताऱ्याकडे गावी घेऊन गेला. पाच जण कॅन्टीनच्या लांब बाकावर ओळीने बसले. सकाळपासून खोकत होते. दादाला तर नऊपासून उबळीवर उबळ येत होती, मधूनमधून वहिनी पाठ चोळत होती. मला वाटलं, चला, या वेळी सांगायची गरजच नाही, कानांनाच कळेल.

बाहेर गाडीचं दार वाजलं. मग पायऱ्यांवर बुटांचा आवाज.

आणि कॅन्टीन शांत झालं.

आधी मला कळलंच नाही काय झालं ते. मग बाकाकडे पाहिलं. पाचही जण ताठ बसले होते, हनुवटी छातीला टेकवून, ओठ मिटून, नाकाने बारीक बारीक श्वास घेत. इन्स्पेक्टर अचानक शेडमध्ये आला, पॅटर्न स्टोअरला जायला वेळ मिळाला नाही, तर खोकला कसा दाबायचा याची ती युक्ती होती. जीभ टाळूला लावायची आणि गिळत राहायचं. दादानेच ती नव्या पोरांना शिकवली होती. त्यांना आदल्या दिवशी सगळं समजावलं होतं. साहेब आपल्यासाठी येतायत, जसं आहे तसं दाखवायचं. त्यांनी माना हलवल्या होत्या. पण बूट वाजले आणि त्यांची शरीरं परत कारखान्यात गेली.

डॉक्टरसाहेब समोर स्टूल ओढून बसले. वही उघडली. दादापासून सुरुवात केली. "काय त्रास होतो?"

"नाही साहेब," दादा म्हणाला. चेहरा लाल झाला होता, कपाळाची शीर टरारली होती. "वयाचं आहे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. वहिनी माझ्याकडे बघत नव्हती. तिने गेल्या वर्षभरात माझ्याकडे फारसं पाहिलंच नव्हतं.

मी पुढे गेलो आणि दादाच्या समोर गुडघ्यावर बसलो. या वयात खाली बसलो की उठायला माणूस लागतो, पण बसलो. म्हटलं, "दादा, खोक."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं टाइम ऑफिसच्या खिडकीतून बघायचा, रजा मिळेल का विचारताना.

"खोक रे," मी म्हटलं. "आता चालतं."

आणि त्याने सोडलं. बूट वाजल्यापासूनचं, फेटलिंगपासूनचं, काय काय होतं त्यात देव जाणे. एकदा सुरू झाल्यावर थांबेना. त्याच्या मागोमाग दुसरा, मग तिसरा, मग सगळा बाकच. वहिनी पाठ चोळायला धावली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. कॅन्टीनकाका हातातला झाडू घट्ट धरून भिंतीकडे तोंड करून उभे होते. डॉक्टरसाहेब पेन बंद करून संपायची वाट बघत बसून राहिले.

बऱ्याच वेळाने दादाचा जोर ओसरला. त्याने रुमालाने तोंड पुसलं, शर्ट सारखा केला आणि साहेबांकडे बघून ओशाळं हसला.

"माफ करा साहेब," तो म्हणाला. "रोज नसतं होत असं."

साहेबांनी पेन उघडलं.

"रोज होतं," मी म्हटलं. "लिहून घ्या."